मुंगीचा नकाशा आणि आत्या-मिनिटं

प्रिय मुंगी,

हे पत्र तुला लिहिलेलं असलं तरी वाचणार आहेत भलतेच लोक. आमच्या वाचनालयाच्या मासिकाला दर अंकात एका साध्या माणसाची ओळख हवी असते. संपादकबाई मला म्हणाल्या, "ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा कुणावर तरी लिहा ना." मी म्हटलं, माझ्या ओळखीत सगळे तसलेच आहेत. बाई हसल्या. मी विनोद केला नव्हता.

तुला फोन केला तर तू म्हणालीस, "लिही, पण नाव घालू नकोस आणि कौतुक करू नकोस." नाव घालत नाही. कौतुकाला मला सवडही नाही. जे तुला पाठ आहे तेच पुन्हा तुला सांगायचं आहे, तेव्हा मध्ये मध्ये पानं उलटलीस तरी रागावणार नाही. वाचणाऱ्यांना मात्र पहिल्यापासून सांगायला हवं.

तू माझ्या धाकट्या भावाची मुलगी, एकुलती एक. मुंगी हे नाव मी ठेवलं. चार वर्षांची होतीस. स्वतःपेक्षा मोठी वळकटी ओढत बैठकीतून चालली होतीस आणि वाटेत एक पाहुणे पाय पसरून बसले होते. तू वळसा घातला नाहीस. त्यांच्या पायांवरून वळकटी नेलीस, मागे वळून पाहिलंही नाहीस. पाहुणे म्हणाले, "गोड आहे हो मुलगी." गोड कसली! हट्टी आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

चित्रकलेचं शिक्षण पुरं झाल्यावर तू एखाद्या जाहिरातीच्या कंपनीत जाणार असं सगळे धरून चालले होते. तू चष्म्याच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतलीस आणि जेवायला बसता बसता जाहीर केलंस की या शहराचं गाइड काढणार. पुस्तक नव्हे, एकच मोठा कागद. एका अंगाला नकाशा, दुसऱ्या अंगाला मजकूर, घड्या घातल्या की तळहातावर मावेल एवढा. कुणासाठी? तर पाठीवर पोत्याएवढी बॅग घेऊन आपल्या स्टेशनावर उतरणाऱ्या, कुणाला काही विचारायला लाजणाऱ्या पोरापोरींसाठी.

"नकाशा कशाला?" तुझा बाप म्हणाला. "पालिकेच्या भिंतीवर लावलेला आहे की. चांगला दहा फुटी."

"तो भिंतीवर आहे, बाबा. माणसं रस्त्यावर असतात."

"मग त्यांनी भिंतीपाशी जावं."

"भिंत कुठे आहे ते कळायला नकाशा लागेल ना!"

"बापलेकींनो, आधी जेवा, मग भांडा," तुझी आई म्हणाली. तुमच्या घरात शहाणं माणूस ते एकच.

त्या खोलीत मला अजून डोळे मिटून चालता येईल. चौतीस पायऱ्या. जिन्याच्या भिंतीवर खालच्या दुकानदाराने डोळे तपासायचा जुना तक्ता लावलेला, वरची अक्षरं मोठी, खालची मुंगीएवढी. दम खायला थांबलं की तो वाचायचा. आत टेबल म्हणून एक जुनं दार, दोन बुटक्या कपाटांवर आडवं टाकलेलं. कुलपाच्या भोकात तू पेन्सिली उभ्या करायचीस. खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सुतळी आणि तिला चिमट्यांनी लटकवलेले कागद, इतके खाली की आत येणाऱ्याला वाकूनच यावं लागे. "बघ, सगळे मला मान देत आत येतात," म्हणायचीस. माझी कंबर धरली होती त्याचं काय?

तुझ्या कामाच्या रीती बघून मला पहिल्यांदा वाटलं, पोरगी वाया गेली. तुझ्या नकाशात उत्तर वर नव्हती. स्टेशन खाली आणि समुद्र वर. "स्टेशनातून बाहेर पडणारा माणूस समोर बघतो, उत्तरेकडे नाही," हे तुझं म्हणणं. "समोर जे दिसतं ते कागदावर वर पाहिजे." मी पस्तीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला. मला घेरी यायची तेवढी बाकी राहिली. दोन दिवस तुझ्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी एकटीच जाऊन स्टेशनाच्या दारात तुझा कागद धरून उभी राहिले आणि मुकाट्याने घरी आले. हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

घडीवर तू एकाही जागेचं नाव येऊ द्यायची नाहीस, कारण कागद आधी घडीवर झिजतो आणि नाव तिथेच मरतं. त्यासाठी गल्ल्या इकडच्या तिकडे करता येत नाहीत, म्हणून घड्याच हलवायचीस. छापखानेवाला कपाळाला हात लावायचा. नमुन्याचा कागद आठ दिवस बापाच्या पॅंटच्या मागच्या खिशात. तो बँकेत दिवसभर त्यावर बसायचा आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "सध्या अख्खं शहर माझ्या बुडाखाली आहे." लाल शाई तुला चालत नसे. आपल्या रस्त्यांवरच्या पिवळ्या दिव्यांखाली लाल अक्षरं पुसल्यासारखी होतात, हे तू एका संध्याकाळी खांबाखाली उभी राहून बघून आलीस. दुसऱ्या कुणाला सुचलं असतं? दुसरं कुणी खांबाखाली उभंच राहिलं नसतं.

मजकूरही तूच लिहायचीस. नदीकाठच्या एका कॅफेबद्दल लिहिलं होतंस, "मालक तिरसट, चहा पाणचट, स्वच्छतागृह उत्तम. त्यासाठीच जा." मालक कागद मुठीत चुरगाळून तुझ्याकडे आले. पण चौतीस पायऱ्या चढून वर पोचेपर्यंत त्यांच्यात ओरडायला दमच उरला नाही. तू त्यांना पाणी दिलंस, खुर्ची दिलीस.

"काढून टाका ते," ते धापा टाकत म्हणाले.

"चहा सुधारा, पुढच्या वेळी बदलते."

त्यांनी चहा सुधारला नाही. स्वच्छतागृहाला नवीन पाटी मात्र लावली.

पैसे देऊन तुझ्या नकाशात कुणाला शिरता येत नसे. छपाईचा खर्च आणि तुझं मानधन प्रवासी मुलांच्या नऊ हॉस्टेलांचा एक संघ होता तो द्यायचा, आणि कागद पोरांना फुकट मिळायचा. दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती. यावर तुझं पोट चालायचं. नुसतं चालायचंच, धावत नव्हतं.

आता मिनिटांकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

नकाशात एकतीस वाटा होत्या. स्टेशन ते जुना बाजार, बाजार ते पूल, पूल ते धक्का, अशा. प्रत्येक वाटेवर मीटर न लिहिता तू मिनिटं लिहायचीस. "चारशे मीटर म्हणजे किती ते कुणाला कळतं? पाच मिनिटं सगळ्यांना कळतात." बरोबर. पण पहिल्या आवृत्तीची मिनिटं तू स्वतः चालून मोजलीस आणि तू चालतेस कशी ते घरच्यांना विचारावं. तुझ्याबरोबर चालणाऱ्याने बोलायचं नसतं, नुसतं मागून यायचं असतं. झालं, हॉस्टेलांच्या तक्रारवह्या भरल्या. "बारा मिनिटं म्हणे! अठरा लागली. लिहिणारा घोड्यावर होता का?" ही ओळ तू कापून दारावर चिकटवली होतीस.

मग खऱ्या प्रवासी मुलांना बरोबर घेऊन पाहिलंस. ती दर दहा पावलांवर फोटो काढायला थांबायची. बॅगेत कागदाची रिमं भरून स्वतः चाललीस, तर ओझ्याच्या रागाने आणखीच भरभर चाललीस.

आणि एक दिवस मला दाताच्या डॉक्टरकडे न्यायला आलीस. माझा डावा गुडघा तेव्हा पार कामातून गेला होता. मी लंगडत होते, तू कुढत होतीस आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होतीस. मला वाटलं, कंटाळली. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर तू एकदम माझे खांदे धरलेस.

"आत्या! अठरा मिनिटं!"

"मग? उशीर झाला का?"

"अगं, ही तीच बारा मिनिटांची वाट! तू अगदी बॅगवाल्यांसारखी चालतेस!"

आधी मला ते कौतुक वाटलं. आत खुर्चीवर तोंड उघडून बसल्यावर त्याचा अर्थ लागला: बारा किलो पाठीवर घेतलेलं वीस वर्षांचं पोर आणि रिकाम्या हाताची, साठी उलटलेली मी, आमचा वेग एकच. राग आला, पण तोंडात डॉक्टरचा हात होता.

पुढच्या दोन आवृत्त्या माझ्या पायांवर निघाल्या. तू घड्याळ आणि वही घेऊन, मी काठी घेऊन. एकतीस वाटा, रोज एक. दर आवृत्तीला पुन्हा पहिल्यापासून. जुना आकडा उतरवून घ्यायचा नाही हा तुझा नियम. घरात त्यांना आत्या-मिनिटं म्हणायचे. "मंडईत जाऊन येतो, वीस मिनिटांत," असं तुझा बाप म्हणाला की तुझी आई विचारायची, "तुमची की वन्संची?" तक्रारवह्या कोऱ्या झाल्या. एका मुलाने तर लिहिलं होतं, "या शहरात एवढा एकच आकडा खरा निघाला."

मग मी गुडघा बदलला.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, चाला, जेवढं चालाल तेवढं बरं. तुझी चौथी आवृत्ती तोंडावर होती. आपण निघालो. काय सांगू, बारा वर्षांनी पाय माझं ऐकत होता! काठी मी तिसऱ्या दिवशी घरी ठेवली. तू शेजारून चालायचीस, पण तुझं लक्ष दुकानांच्या पाट्यांकडे, नवीन काय, बंद काय, वहीत खाली मान. मिनिटं दर वाटेला कमीच येत होती. पूल ते धक्का आधी सत्तावीस होती, आता एकवीस भरली.

"पालिकेने फुटपाथ रुंद केलेत ना, म्हणून," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "असेल." मला शंका आली होती. पण आपण तुरुतुरु चालतो आहोत हे मला फार आवडलं होतं आणि मी तोंड उघडलं नाही. चुकीतला माझा वाटा एवढा. तुझा वाटा म्हणजे माझ्यावर ठेवलेला विश्वास.

बारा हजार कागद छापून, घड्या घालून आले. तीन हजार हॉस्टेलांना वाटून झाले, नऊ हजार तुझ्या खोलीत भिंतीला रचलेले. पुढच्या सोमवारी दुपारी मी तुझ्याकडे चहा-बिस्किटं खात बसले होते, आणि जिन्यात धाडधाड पावलं वाजली. एक मुलगी आत आली. बॅगेसकट वाकायला विसरली, त्यामुळे दोन कागद डोक्यावर घेऊनच आली. हातात तुझा नकाशा.

"हा कुणी केला?"

"मी," तू म्हणालीस.

"एकवीस मिनिटं लिहिलीयत. पुलापासून धक्क्यापर्यंत. मी बावीस मिनिटं आधी निघाले, कुठे थांबले नाही, पाणीसुद्धा प्यायले नाही. सव्वीस लागली. लाँच डोळ्यांदेखत गेली. पन्नास हातांवर होती, मी ओरडले तर एका माणसाने हात हलवून टाटा केला!"

बेटावर जाणारी लाँच सोमवारी आणि गुरुवारी, दुपारची एकच. पोरीचा तीन दिवसांचा बेत बुडाला होता. ती रडत नव्हती, पण आता रडेल असं वाटत होतं. तू "सॉरी" वगैरे काही म्हणाली नाहीस. घड्याळ उचललंस, म्हणालीस, "चल, परत चालू." तिची बॅग तिच्याच पाठीवर, तू शेजारी. दोघी तासाभराने आलात. तू दारातच उभी राहिलीस.

"सत्तावीस," म्हणालीस. मग माझ्याकडे बघितलंस. "आत्या, बिस्किट खाली ठेव. खिडकीपासून दारापर्यंत चालून दाखव."

"आत्ता?"

"आत्ता."

मी चालले. हळू चालायचा प्रयत्न केला, ते तुला कळलंच. "नेहमीसारखी चाल!" मग नेहमीसारखी चालले. तू दोन्ही हात डोक्यावर ठेवलेस.

"गुडघा! अरे देवा, गुडघा! आणि मी आपली फुटपाथला श्रेय देत बसले!"

ती मुलगी बावरून आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागली. तिला सगळं सांगितल्यावर ती मटकन बॅगेवर बसली आणि हसत सुटली. मला तेवढं हसण्यासारखं वाटलं नाही. एकतीसच्या एकतीस वाटा कमी भरल्या होत्या, बारा हजार कागदांवर.

तू तशीच उठून संघाच्या कचेरीत गेलीस. मीही आले, मोडतोड माझी होती. कचेरी म्हणजे एका हॉस्टेलाची मागची खोली, भिंतीवर किल्ल्यांचा फळा आणि टेबलामागे सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"पाच-सहा मिनिटांनी असं काय होतं?"

"लाँच जाते," तू म्हणालीस.

"हे बघा, शुक्रवारी समितीची बैठक आहे. एका कंपनीने गुळगुळीत कागदाचं, जाहिरातींचं गाइड द्यायची तयारी दाखवलीय. आमचा खर्च शून्य. निम्मी समिती तिकडे झुकलीय, मी तुमची बाजू धरून बसलोय. अशा वेळी तुम्हीच म्हणणार, आमचं चुकलं? शुक्रवारपर्यंत गप्प राहा. पुढच्या दोन आवृत्त्या तुमच्याकडे ठेवायची जबाबदारी माझी. मग काय ती दुरुस्ती करा."

"शुक्रवारपर्यंत गुरुवारची लाँच जाईल."

"जाऊ दे की हो! लाँच काय, रोज कुठली ना कुठली जातच असते!"

घरी आल्यावर तुझ्या बापाने त्यांचीच री ओढली. "चार दिवस तोंड मिटून बसायला काय जातं? बारा वर्षांचं काम आहे तुझं." आता खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं आणि मी ते बोललेही. चूक माझी, काम जाणार तुझं. मला ते सोसवेना. तू ताटातली भाकरी मोडत शांतपणे म्हणालीस, "त्या मुलीने कागदावर विश्वास ठेवला म्हणून तिची लाँच चुकली. नकाशा नसता तर तिने कुणाला तरी विचारलं असतं आणि पोचली असती. मग माझ्या नकाशाचा उपयोग काय?" तुझ्या आईने तुला आणखी भाजी वाढली. ती तुझ्या बाजूने मत देत होती, एवढं मला कळतं.

मंगळवारी सकाळी तू रबरी शिक्का करून आणलास. मजकुरावरून आपलं वाजलं. मला खुलासा हवा होता: मापनातील त्रुटीमुळे वगैरे. तू म्हणालीस, "आत्या, पाठीवर बारा किलो असलेला माणूस त्रुटी वाचत नाही." शिक्क्यावर एवढंच होतं: "मिनिटं चुकली आहेत. चाराला पाच धरा. चूक आमची." शाई जांभळी. आणि शिक्का मारायचा कुठे, तर वरच्या घडीवर, जिथे तू बारा वर्षं जीव ओतून काढलेलं नकाशाचं नाव होतं, बरोबर त्याच्यावर.

"नाव झाकलं जाईल गं," मी म्हटलं.

"नावाने कुणी धक्क्यावर पोचत नाही."

दोन दिवस त्या दारावर, म्हणजे टेबलावर, आम्ही पाच जण शिक्के मारत बसलो. तू, मी, बँकेतून रजा काढून आलेला तुझा बाप, तुझी आई, आणि ती लाँच चुकलेली मुलगी; गुरुवारपर्यंत तिला दुसरा उद्योग नव्हता. तुझ्या बापाला ठप्पे मारायची चाळीस वर्षांची सवय. तो डोळे मिटून मारायचा, वर आमच्यावर खेकसायचा, "मनगटातून! खांद्यातून नाही! आणि ताई, तू तिरका मारते आहेस."

"समुद्रही तिरकाच आहे."

"यांना भूगोलाचे मार्क कोण द्यायचं?" तो त्या मुलीला विचारायचा, आणि ती हसता हसता दोन कागद वाया घालवायची. नऊ हजार तिथे झाले. उरलेले तू नऊ हॉस्टेलांत जाऊन, टेबलांवरचे, बाकांवरचे, पोरांच्या हातांतले मागून मागून शिक्के मारलेस. जे वाटेला लागले होते त्यांना इलाज नव्हता. ते तुला अजून खुपतं, मला माहीत आहे.

गुरुवारी ती मुलगी लाँचने गेली. पुलावरून तीस मिनिटं आधी निघाली.

शुक्रवारी तू समितीपुढे तो जांभळा शिक्का मारलेला कागद ठेवलास. मी बाहेर बाकावर होते. पाऊण तासाने दार उघडलं. एका सभासदाने तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द बोलून घेतले, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि काम कंपनीला दिलं. सेक्रेटरींनी तुझ्याकडे पाहिलं नाही. शिक्का मारला नसतास तरी काम गेलंच असतं का, हे मला सांगता येणार नाही. तुझ्या बापाला वाटतं, राहिलं असतं. वादात अर्थ नाही.

तू घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवलीस आणि दहा तास झोपलीस. दुसऱ्या दिवशी उठून म्हणालीस, "आत्या, तुझ्या पाठीवर किती किलो टाकले तर तू जुन्या वेगाला येशील?"

"काम गेलं ना तुझं?"

"काम गेलं. मिनिटं चुकीचीच आहेत अजून. चाराला पाच हा नुसता अंदाज आहे."

तू माझ्या डॉक्टरांना फोन लावून विचारलंस, चार किलोपर्यंत चालेल का. त्यांना वाटलं, मी घर बदलते आहे. मग माझीच भूगोलाची पुस्तकं एका पिशवीत भरून मला घातलीस. दोन किलोला मी पळत होते, तीनला जरा माणसात आले, चार किलोला पूल ते धक्का बरोबर सत्तावीस! तू रस्त्यात टाळ्या वाजवल्यास. लोक बघत होते. महिनाभरात एकतीस वाटा पुन्हा झाल्या. खऱ्या मिनिटांची यादी तू स्वतः नऊ हॉस्टेलांच्या फळ्यांवर लावून आलीस. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देणार नव्हतं. दोन हॉस्टेलांत ती अजून आहे. गुळगुळीत गाइडच्या गठ्ठ्याशेजारी, कोपरे दुमडलेली.

आता तू दुसऱ्या शहरात एका मोठ्या इस्पितळात वाटा दाखवायच्या पाट्या करतेस. कुठल्या मजल्यावर काय, कुठून वळायचं, व्हीलचेअरवाल्याला किती वेळ लागेल. तिथेही कुणाला तरी धरून चालवून बघत असशीलच. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "इथे सगळे माझ्याहून हळू चालतात, आत्या. स्वर्ग आहे."

एक राहिलं.

यादी लावून झाली त्याच आठवड्यात त्या मुलीचं बेटावरून कार्ड आलं. "इथल्या धक्क्यावर पाटी आहे: निवास दहा मिनिटं. धादांत खोटं! मला एकोणीस लागली. पण मी त्या दिवशी रागात नव्हते, त्यामुळे हळू चालले असेन. तुमच्या आत्यांना घेऊन या आणि एकदा काय ते मोजा." तू कार्ड सुतळीला लावलंस. म्हणालीस, "येत्या गुरुवारी जाऊ. चार किलो घे." बेट तुझ्या नकाशावर कधी नव्हतंच, त्याचं कुणाला उत्तरही द्यायचं नव्हतं. तरी मी डबा काय न्यायचा ते ठरवून ठेवलं होतं.

त्या गुरुवारी इस्पितळवाल्यांनी तुला मुलाखतीला बोलावलं. पुढच्या गुरुवारी समुद्र खवळलेला, लाँच सुटली नाही. मग तू सामान बांधायला लागलीस. आता येतेस ती शनिवारी, आणि रविवारी संध्याकाळी जातेस. बेटाची लाँच सोमवारी आणि गुरुवारी.

कार्ड माझ्याकडे आहे. दहा की एकोणीस, ते आपण अजून बघितलेलं नाही.